हीग्ररादु

शब्दकोडं करणं हा काही धंदा नव्हे, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे. आणि धंदा नसलेल्या गोष्टीतही माणसाची एवढी शोभा होऊ शकते, हे त्या रविवारपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. काम बसून करायचं आहे, सावलीतलं आहे. दुपारी डबा खाऊन झाला, यंत्रांची घरघर सुरू झाली आणि खिडकीतून उन्हाचा एक पट्टा टेबलावर येऊन पडला, की डोळ्यांवर जी गुंगी येते तिला तोड नाही. त्या गुंगीत अक्षरं कागदावरून उठतात, जरा पाय मोकळे करून येतात आणि पुन्हा आपापल्या जागी बसतात. एखादं चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसतं. लोक त्याला मुद्रणदोष म्हणतात आणि माझ्याकडे बघतात.

याच छापखान्यातून एक साप्ताहिक निघतं आणि त्यातलं कोडं मी करतो. कोड्याखाली माझं नाव नसतं, पण आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. फक्त काकांना तेव्हा माहीत नव्हतं. कळलं असतं तर त्यांनी ते हातात धरलं नसतं. पुतण्याच्या हातून काही बरोबर होऊ शकतं यावर त्यांचा विश्वास नाही.

काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचा आणखीही पुष्कळ गोष्टींवर विश्वास नाही. छत्री न घेता बाहेर पडणारे, शीळ घालणारे, चष्मा नसलेले डॉक्टर आणि आवाज न करता हसणारे. या शेवटच्या प्रकारात समोरच्या दारातले वकील येतात. काका आणि वकील दोघंही दर रविवारी कोडं सोडवतात आणि ज्याचं आधी सुटेल तो दुसऱ्याच्या दारावर टकटक करून, काही न बोलता, परत आपल्या घरात जातो. गेली कित्येक वर्षं त्यांच्यात एवढंच बोलणं आहे.

काका मानतात ते फक्त छापलेल्याला. "छापलेलं खोटं नसतं," असं ते म्हणतात. मी जन्मभर छापखान्यात आहे, मी काय बोलणार!

तर एका संध्याकाळी काकांची मुलगी वर आली आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून उभी राहिली. ती एकुलती एक आहे, तरी घरात सगळे तिला धाकटी म्हणतात. थोरली कोण, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

"दादा, बाबा नाही म्हणाले," ती म्हणाली.

"कशाला?"

"लग्नाला. तो डावखुरा आहे म्हणून."

तो म्हणजे पेंटर. आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या आहेत, आणि तो हात डावा आहे. डाव्या हाताने पहिल्या अक्षरापासून रंगवायला घेतलं तर तळहात ओल्या रंगावरून फिरतो आणि सगळं फरफटतं. म्हणून हा पठ्ठ्या शेवटच्या अक्षरापासून सुरू करतो आणि मागे मागे येतो. मागे समोरच्या दुकानाची पाटी रंगवताना त्याने आधी 'य' काढला, मग 'ल' काढला आणि चहा प्यायला गेला. खिडकीत बसलेल्या काकांनी जाहीर केलं, "औषधालय." पलीकडच्या खिडकीतून वकील म्हणाले, "वाचनालय." पेंटर चहा पिऊन आला आणि त्याने 'ना' काढला. वकील आवाज न करता हसले. काका म्हणाले, मग भोजनालय असणार. संध्याकाळपर्यंत पाटी पूर्ण झाली तेव्हा ती 'केशकर्तनालय' निघाली. त्या दिवसापासून काकांनी डावखुऱ्यांचं नाव टाकलं.

"जो माणूस शेवटापासून सुरुवात करतो, त्याच्या संसाराची सुरुवात कुठे शोधायची?" असं त्यांनी धाकटीला विचारलं होतं. वर असंही म्हणाले होते, "मुलगी उजवली म्हणतात. आजवर कुणी मुलगी डाववल्याचं ऐकलंयस का?"

भाषाच काकांच्या बाजूने होती.

"त्याला दुसऱ्या गावी एका कारखान्याचं काम मिळालंय," धाकटी म्हणाली. "पुढच्या सोमवारी जाणार. मी बाबांना टाकून जायची नाही, दादा. त्यांना पाणी कुठे ठेवलंय तेसुद्धा सापडत नाही. आणि तो गेला तर मी दुसऱ्या कुणाचा विचारही करायची नाही. मग मी आणि बाबा, दोघं बसू खिडकीत." एवढं बोलून ती ओट्यावरचं सांडलेलं मीठ बोटाने गोळा करत राहिली. मला फार वाईट वाटलं. लहानपणी ती माझ्या पाठीवर बसून अख्ख्या जिन्यात फिरायची.

मीठ गोळा झाल्यावर तिने वर बघितलं. "बाबा माझं ऐकत नाहीत. तुझं तर नाहीच नाही. पण छापलेलं ऐकतात. तू कोड्यात घाल ना त्यांना."

"कोड्यात? काकांना?"

"त्यांच्यासारख्या माणसाला जो शब्द आहे तो. तो त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायचा. एकदा लिहिला की दिसेल त्यांना."

कल्पना अशी काही सुंदर होती की मी लगेच हो म्हणालो. अशा वेळी लगेच हो म्हणू नये.

आता शब्द शोधायचा. स्वतःचं चुकीचं मत काही केल्या न सोडणारा माणूस. एवढी माणसं आहेत म्हटल्यावर शब्दही मुबलक असणार, आणि आहेतच. हट्टी, हेकट, हेकेखोर, हटवादी, आडमुठा, एककल्ली, दुराग्रही, पूर्वग्रहदूषित. मी जेवताना बायकोला यादी ऐकवली. ती म्हणाली, "तुमच्या घराण्यात एकेकाला एकेक वाटून दिलाय. शेवटचा लांबलचक तुमचा."

पहाटे मास्तरीणबाई फिरायला निघतात, त्यांना जिन्यात गाठलं. त्या वरच्या मजल्यावर राहतात. शाळा सुटून बरीच वर्षं झाली, पण त्यांची काही सुटलेली नाही. त्यांनी मला पायरीवर उभं करून शिकवलं. "हट्टी हा मुलांना लावायचा. त्यात माया असते. हेकट नवऱ्याला. आडमुठा म्हणजे जो दारात उभा राहतो, आत येत नाही आणि बाहेरही जात नाही. एककल्ली बिचारा निरुपद्रवी, तो आपल्याच नादात असतो. आणि हेकेखोर म्हणजे वकील. वकील सगळे तसलेच, अगदी जात्याच. मी एक बघितला की दहा ओळखते."

"तुम्ही किती वकील बघितलेत?"

"हा एकच. पुरे नाही का?"

वकिलांना विचारलं तर त्यांनी दार अर्धंच उघडलं. "शब्द वापरण्यापूर्वी कायदेशीर बाजू बघा," म्हणाले. "आणि मास्तरणींना विचारू नका. ज्याला एकदा शिकवायची सवय लागली त्याला शिकायची सवय राहत नाही. हे सार्वत्रिक सत्य आहे." मग आवाज न करता हसून त्यांनी दार लावून घेतलं. मी जिन्यात उभा राहून विचार करू लागलो की इमारतीत दुसऱ्याला लावण्यासाठी प्रत्येकाकडे एकेक शब्द तयार आहे, स्वतःच्या मापाचा मात्र कुणाकडेच नाही. विचार बरा होता, पण तेवढ्यात दूधवाला आला आणि तो मोडला.

त्या दुपारी छापखान्यात डोळा लागला तेव्हा हे सगळे शब्द माझ्याकडे पाहुणे आले. आडमुठा दारातच अडकला. एककल्ली सरळ खिडकीशी जाऊन बसला आणि कबुतरं मोजू लागला. हेकट म्हणाला मी पंख्याखालीच बसणार, हेकेखोर म्हणाला पंखा बंद करा. पूर्वग्रहदूषित इतका लांब होता की त्याचं डोकं खोलीत आलं तरी पाय अजून जिन्यात होते. दुराग्रही सगळ्यांत शेवटी आला, कुणाकडे न बघता काकांच्या खुर्चीत बसला, काकांचा चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाला, "कोडं कुठाय?" मी जागा झालो आणि शब्द ठरवून टाकला. दुराग्रही, अक्षरं चार.

आता अडचण अशी की चार अक्षरांत हेकेखोरही बसतो, हटवादीही बसतो. काकांनी दुसराच लिहिला तर सगळं मुसळ केरात. म्हणून मी त्या शब्दाच्या चारही अक्षरांना चार उभे शब्द जोडले, दोन वरून आणि दोन खालून. 'दु'पासून खाली दुपार, वरून येऊन 'रा'वर संपणारा वारा, 'ग्र'पासून खाली ग्रहण आणि वरून 'ही'वर संपणारी सही. सगळे सोपे. दुपारसाठी सूचना दिली, 'जेवणानंतर येते आणि डोळ्यांवर बसते.' आडवा शब्द कुणाला सुचला नाही तरी उभ्यांतून आपोआप उगवला पाहिजे, अशी बिनतोड बांधणी होती. कोड्यातल्या इतर कुठल्याही आडव्या शब्दाचे मी एवढे लाड केले नव्हते.

मग संपादक. संपादकांनी सूचना वाचली, 'स्वतःचे चुकीचे मत कधीही न सोडणारा', आणि उठून केबिनचं दार लावलं.

"हे मालकांवर आहे का?"

"नाही हो."

"नगराध्यक्षांवर?"

"मुळीच नाही."

"मग माझ्या सासूबाईंवर? त्या आपलं साप्ताहिक घेतात."

मी शपथ घेतली. तेवढ्याने भागेना. मागे मी 'सुस्त प्राणी' अशी सूचना दिली होती तेव्हा तीन वर्गणीदारांनी स्वतंत्र पत्रं लिहून खुलासा मागितला होता. शेवटी मी कोशातला आधार द्यावा, हा शब्द कुणाही जिवंत व्यक्तीस उद्देशून नाही असं लेखी द्यावं आणि 'चुकीचे' हा शब्द काढावा असं ठरलं. मी म्हटलं, साहेब, 'चुकीचे' काढलं तर उत्तर 'तत्त्वनिष्ठ' होईल. ते म्हणाले, मग तेच घाला ना, मालक खूश होतील. त्या दिवशी मला कळलं की माणूस स्वतः असला की तत्त्वनिष्ठ असतो, शेजारी असला की हेकट. बराच वेळ मिनतवाऱ्या केल्यावर 'चुकीचे' राहिलं.

एवढं सगळं पार पडलं आणि शुक्रवारची दुपार आली. कोड्याची चौकट ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईने काढून ठोकळेवाल्याकडे द्यायची असते. तो तिचा ठोकळा बनवतो आणि तो छापतात. मी चौकट काढली, घरांत आकडे घातले, शाई वाळायला म्हणून कागद टेबलावर पसरला. ऊन होतं. यंत्रं घरघरत होती. पलीकडे कुणीतरी कागदाची रिमं एकावर एक रचत होतं, थप्, थप्, थप्. मी जरा गाल टेकला.

ठोकळेवाल्याने मला हलवून उठवलं आणि माझ्या गालाला चिकटलेला कागद सोलून घेऊन तो गेला. मी संध्याकाळी तसाच घरी आलो. बायकोने दार उघडलं आणि माझ्या गालाकडे बघत राहिली.

"हे काय, आता तोंडावर सोडवायचं का?"

आरशात पाहिलं तर गालावर बारीक बारीक चौकटी. मी हसलो. मला वाटलं संकट गालावरच निभावलं.

कागद गालावरून निघाला तो उलट्या बाजूने पडला होता. पारदर्शक कागद, काय कळणार! ठोकळा उलटा बनला, उजवीकडचं डावीकडे आणि डावीकडचं उजवीकडे. आकडे तेवढे उलटे दिसले, तेव्हा खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने कर्तव्यबुद्धीने ते जिथल्या तिथे सरळ करून टाकले. चौकट मात्र तशीच राहिली. आणि मुद्रित तपासलं कुणी? जाऊ द्या.

रविवारी सकाळी साप्ताहिक हातात पडलं आणि मी अंथरुणातच उठून बसलो. उभे शब्द सगळे ठीक होते, वरून खाली जाणाऱ्याला डावं-उजवं नसतं. आडवे मात्र सगळे उजवीकडून डावीकडे गेले होते. मी कसाबसा सदरा चढवून खाली धावलो.

काका खिडकीशी खुर्चीत, गुडघ्यावर कोडं. धाकटी दाराशी उभी. तिचे डोळे सुजलेले होते. खाली रस्त्यावर पेंटर एका दुकानाच्या फळ्यांना शेवटचा हात देत होता. उद्या तो जाणार होता.

"काका, ते कोडं..."

"अवघड आहे या वेळचं," काका समाधानाने म्हणाले. "आडवं काहीच बसत नाही. एकच बसलंय. आपोआप आलं. दुपार, वारा, ग्रहण, सही, सगळं चोख. ऐक. स्वतःचे चुकीचे मत कधीही न सोडणारा." त्यांनी चष्मा वर केला. "हीग्ररादु."

मी भिंतीला टेकलो.

"काका, असा शब्द नाही."

"तुला माहीत नाही म्हणून शब्द नाही? छापलंय की."

"ते उलटं छापलं गेलंय, काका."

"छापलेलं उलटं नसतं. वाचणारा उलटा असतो." आणि ते तो शब्द पुन्हा हळूच पुटपुटले. "हीग्ररादु. काय वजन आहे! मला इतकी वर्षं हाच शब्द हवा होता."

"कुणासाठी?" धाकटीने विचारलं.

काकांनी समोरच्या दाराकडे बोट दाखवलं. "त्याच्यासाठी! दुसरं कोण आहे?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. तसं पुन्हा कुणी माझ्याकडे पाहू नये.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. वकील होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा टकटक करून परत न जाता उभे होते. "हीग्ररादु," ते म्हणाले. "मला आधी सुटलं. जुन्या दस्तऐवजांत येतो हा शब्द. ताबा न सोडणाऱ्या कुळाला म्हणत." काका म्हणाले, मला आधी सुटलं, आणि तो ताबा न सोडणारा तूच. आवाज ऐकून मास्तरीणबाई खाली आल्या. त्यांनी शब्द पाहिला आणि क्षणभर डोळे मिटले. "शेवटचा 'दु' ऱ्हस्व आहे," त्या म्हणाल्या. "मराठीत शेवटचा उकार दीर्घ. ऱ्हस्व फक्त 'परंतु'सारख्या अव्ययांत. म्हणजे हीग्ररादु हे अव्यय आहे. काही झालं तरी बदलत नाही ते अव्यय. अर्थाशी किती जुळतंय बघा!"

मी "अहो बाई..." असं म्हणत होतो, पण माझं ऐकतो कोण. जिना भरत चालला होता. तळमजल्यावरची बाई नवऱ्याला हीग्ररादु म्हणाली आणि नवऱ्याला ते आवडलं. कुणाचं तरी पोर तो शब्द ओरडत गच्चीपर्यंत जाऊन आलं. सकाळचं ऊन जिन्यातल्या जाळीतून चौकोन चौकोन होऊन सगळ्यांच्या अंगावर पडलं होतं, आणि मला वाटलं की मी अजून छापखान्यात टेबलावर गाल टेकून झोपलेलो आहे.

काकांना चेव आला. "पाटी करायची," ते म्हणाले. "हीग्ररादु. मोठ्या अक्षरांत. ह्याच्या दारासमोर लावायची. उठता बसता वाचेल!"

"मी फिर्याद करीन," वकील म्हणाले.

"शब्द छापलेला आहे. कर फिर्याद!" काका कपाटाची जुनी फळी घेऊन आले. "आत्ताच्या आत्ता पाहिजे. रविवारचा पेंटर कुठून आणायचा?"

धाकटी अगदी हळू म्हणाली, "खाली आहे एक. पण तो डावखुरा आहे."

काकांनी क्षणभर विचार केला. "चालेल," ते म्हणाले. "पाटी ह्याच्यासाठी आहे. ह्याला डाव्या हाताचीच बरी."

पेंटर वर आला. उंच, खांदे जरा वाकलेले, कानाच्या पाळीला निळा रंग. काकांना बघून त्याने नमस्कार केला आणि चुकून डब्यासकट केला, त्यामुळे दोन थेंब काकांच्या पायावर पडले. धाकटीने डोळे मिटून घेतले. काकांनी फक्त पाय मागे घेतला. त्यांनी कागदावरचा शब्द दाखवला. पेंटरने तो वाचला, डोकं खाजवलं, पण अर्थ विचारला नाही. पाट्या रंगवणारा अर्थ विचारत बसला तर उपाशी मरेल. त्याने फळी कठड्याला टेकवली, पेन्सिलीने रेघ मारली, कुंचला डाव्या हातात घेतला आणि फळीच्या उजव्या टोकाशी पहिलं अक्षर काढायला घेतलं.

मी सांगतो, त्या पोराच्या हातात काहीतरी आहे. रंग लावताना आवाज होत नाही, पण सगळा जिना तो आवाज ऐकत असल्यासारखा गप्प झाला. कुंचला वर गेला, वळला, खाली आला.

"दु," काका म्हणाले. त्यांनाच नकळत. पाटी हळूहळू उमटताना बघणाऱ्याला राहवतच नाही.

पेंटर एक घर मागे सरकला.

"रा," तळमजल्यावरची बाई म्हणाली.

जोडाक्षराला वेळ लागला. त्याने आधी गाठ काढली, मग तिरकी रेघ दिली, जरा मागे होऊन पाहिलं.

"ग्र," वकील म्हणाले. त्यांनाही राहवलं नाही.

शेवटचं अक्षर फळीच्या डाव्या टोकाशी. वेलांटी वर चढली आणि डौलदार वळण घेऊन उतरली.

"ही," काका म्हणाले.

एवढ्यावर थांबलं असतं. पण मास्तरीणबाईंनी जन्मभर फळ्यावरची सुटी अक्षरं मुलांकडून जोडून घेतली होती. त्यांच्या तोंडून ते गेलंच.

"दुराग्रही."

सगळ्यांनी फळीकडे पाहिलं, मग वकिलांकडे पाहिलं, आणि मग एकेक मान काकांकडे वळली. वरच्या मजल्यावर आमच्या घरात दूध उतू जात असल्याचा वास आला, पण जिन्यात उतरलेली बायकोही जागची हलली नाही.

काका फळीजवळ गेले. त्यांनी बोट ओल्या रंगाला न लावता, हवेतल्या हवेत, उजवीकडून डावीकडे एकेका अक्षरावरून फिरवलं. मग हातातलं कोडं समोर धरून तेही तसंच वाचलं. कमळ, नवल, पहारा, सगळं सुटत गेलं असावं, कारण त्यांचा चेहरा बदलत गेला.

"छापलेलं खोटं नव्हतं," ते म्हणाले. "शेवटाकडून होतं."

"तुझी काकू म्हणायची मला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "दुराग्रही. रोज म्हणायची. रागाने नाही, भांडी आवरता आवरता. ती गेल्यापासून कुणी म्हटलं नाही. मला वाटलं, सुधारलो असेन."

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मीही जाळीतून बाहेर बघायला लागलो. वकील खाली मान घालून उभे होते आणि पहिल्यांदाच हसत नव्हते.

पेंटरला बिचाऱ्याला यातलं काहीच कळलं नव्हतं. कुंचला पुसून त्याने अदबीने विचारलं, "काका, पाटी कुठे लावायची? यांच्या समोर ना?"

काकांनी वकिलांच्या दाराकडे पाहिलं. मग आपल्या दाराकडे पाहिलं. मग पेंटरच्या हाताकडे बघत राहिले, अक्षरांच्या बाजूला एवढासाही डाग न पडलेल्या फळीकडे बघत राहिले.

"आमच्या दाराला लाव," ते म्हणाले. "आणि मग आत ये. हात धुऊन घे. धाकटे, त्याला साबण दे." दारापर्यंत गेल्यावर ते मागे वळले. "डावा आधी."

पुढच्या अंकात संपादकांनी माझ्याकडून 'गेल्या रविवारचे कोडे उजवीकडून डावीकडे वाचावे' असा खुलासा लिहून घेतला आणि तोही त्यांना संशयास्पद वाटला. कोडं माझं होतं, हे एव्हाना काकांनाही कळलं होतं. धाकटी यथावकाश उजवली. कारखान्याच्या पाट्या पेंटरने जाऊन येऊन केल्या आणि काकांच्या पाण्याची जागा आता तोच सांभाळतो. पण काका सुधारले असं कुणी समजू नये. हल्ली त्यांचा उजव्या हाताने लिहिणाऱ्यांवर विश्वास नाही. यांना कागदाची सुलट बाजूसुद्धा कळत नाही, असं ते चारचौघांत माझ्याकडे बोट दाखवून सांगतात आणि त्यांच्या मनातून ते काढणं कुणाच्या बापाला शक्य नाही.

पाटी अजून दारावर आहे. परवा नवा पोस्टमन आला, ती वाचून थबकला आणि म्हणाला, "हे आडनाव कधी ऐकलं नाही. कुठलं?"

"आमचं नव्हे," काका ऐटीत म्हणाले. "जावयाकडून आलंय."